आमच्या कंपनीची एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवर) तीन खाती आहेत. सगळ्या रोलची यादी काढायला कोणतं टूल घ्यावं? मालकांना एक्सेलमध्ये हवी आहे.

यादीच हवी असेल तर टूल विकत घेऊ नका. कमांड लाइनवर प्रत्येक खात्यात 'एडब्ल्यूएस आयएएम लिस्ट-रोल्स' मारा, त्या खात्यातले सगळे रोल, म्हणजे आत शिरून काम करायच्या तात्पुरत्या ओळखी, समोर येतील. एक्सेलमध्ये ओतणं तुम्हाला जमेलच. पण ती यादी बघून मालक खूश होतील आणि खरं काम तसंच पडून राहील, म्हणून लिहायला बसलो.

बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या मामांची फाउंड्री आहे, पंपांचं कास्टिंग करतात. ड्रॉइंग, ऑर्डरी, पगारपत्रक सगळं क्लाउडवर. ते उभं करून देणारा व्हेंडर बाहेरगावचा. काम त्यानं चोख केलं होतं, त्यात वाद नाही. पुढं पैशावरून बिनसलं, मामांनी हिशोब चुकता केला आणि दुसरा माणूस धरला. ह्या दुसऱ्यानं जुन्या लोकांचे यूझर उडवले, पासवर्ड बदलले आणि सांगितलं, आता सगळं आपल्या ताब्यात. रोलांकडं ढुंकूनसुद्धा बघितलं नाही.

एका सुट्टीत मामांनी "बिल एवढं का येतंय बघ की रे जरा" म्हणून लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. बिलाचं कारण लगेच सापडलं, न वापरलेल्या डिस्का चालू होत्या. मग सवयीनं रोल काढले. बहुतेक एडब्ल्यूएसच्या सेवांनीच बनवलेले, निरुपद्रवी. त्यात एक 'बॅकअप-सपोर्ट'. नावावरून कुणाला शंका येणार नाही. त्याची ट्रस्ट पॉलिसी, म्हणजे हा रोल कुणी घ्यायचा ते लिहिलेला कागद, उघडली तर आत बारा आकडी खातेनंबर, आणि तो आमच्या खात्याचा नव्हे. वर परवानगी जोडलेली ॲडमिनिस्ट्रेटर ॲक्सेस, म्हणजे सगळं करायची मुभा. 'गेट-रोल' करून शेवटचा वापर बघितला, तर तारीख हिशोब चुकता केल्यानंतरची!

रोलला पासवर्ड नसतो, कायमची की नसते. ट्रस्ट पॉलिसीत ज्याचं नाव, तो येतो, तात्पुरती ओळखपत्रं घेतो आणि आत शिरतो. तिथं दुसरं अख्खं खातं लिहिलेलं असेल, तर त्या खात्यातल्या कोणत्या पोरानं शिरायचं हे तिकडचा ॲडमिन ठरवतो. आपण आपले यूझर किती का उडवेना, त्याला काय फरक? जमिनीच्या उताऱ्यावर मालकाचं नाव वाचून उठायचं नसतं, कसणाऱ्याचा रकानाही बघायचा असतो. इथला कसणारा ट्रस्ट पॉलिसीत लिहिलेला असतो.

मामांना सांगितलं तर म्हणाले, "होगली बिडु रे, जाऊ दे. बिचाऱ्यानं सगळं उभं करून दिलंय. आपल्याकडं गणपतीला जेवून गेलाय तो. नेलंय का त्यानं काही? दाखव." दाखवता येईना. खात्यात कुणी काय केलं ते टिपणाऱ्या क्लाउडट्रेलच्या इव्हेंट हिस्टरीत ९० दिवसांचंच मागचं दिसतं, आणि एस-थ्रीमधली (तिथं फाइली साठवतात) कुठली फाइल कुणी वाचली ही नोंद आपण मुद्दाम चालू केल्याशिवाय होतच नाही. तिथं ती केलेली नव्हती. मामांच्या मते पुरावा नाही म्हणजे तो निर्दोष, आणि मी उगाच भल्या माणसावर आळ घेतोय. अजून चार पाहुण्यांत हेच सांगतात. चोर कोण म्हणालं त्याला? माणूस देव का असेना, काम संपलं की रोल काढायचा. उद्या त्याचं खातं कुणी फोडलं, तर आमच्या ड्रॉइंगांची वाट त्याच दारातून जाते, आणि तेव्हा तोही बिचारा काही करू शकणार नाही. फोन करून आधी त्याची परवानगी घ्यायची, हे तर मला आजही पटत नाही.

तर तुमचं काम. 'लिस्ट-रोल्स' ट्रस्ट पॉलिसी देतं, पण शेवटचा वापर देत नाही. त्यासाठी प्रत्येक रोलवर 'गेट-रोल' चालवा. तो हिशोबही मागच्या ४०० दिवसांचाच. परवानग्या जोडलेल्या वेगळ्या आणि रोलच्या आतच लिहिलेल्या वेगळ्या, दोन्ही बघा. लोक दुसऱ्या विसरतात. हे सगळं एका फटक्यात पाहिजे तर 'गेट-अकाउंट-ऑथरायझेशन-डिटेल्स' आहे. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) येत असेल तर स्टीमपाइप हे टूल फुकट आहे, त्यात तिन्ही खाती जोडून एकच प्रश्न विचारता येतो. एक्सेलमध्ये नावाच्या शेजारचा रकाना 'बाहेरचं खातं' असा ठेवा आणि मालकांना तोच आधी दाखवा. एडब्ल्यूएसचाच आयएएम ॲक्सेस ॲनालायझरही बाहेरच्यांना उघडी असलेली दारं दाखवतो. त्याला पैसे पडत नाहीत. न वापरलेला ॲक्सेस शोधणारा भाग मात्र पैशाचा.

बाहेरचा प्रत्येक नंबर संशयाचाच असतो असं नाही. बिल कमी करून देणाऱ्या किंवा मॉनिटरिंगच्या सेवाही असेच रोल मागतात. तिथं एक्स्टर्नल आयडीची, म्हणजे शिरताना ठरलेला ओळख-कोड सांगायची, अट लावलेली आहे का तेवढं बघा. 'एडब्ल्यूएस-सर्व्हिस-रोल' या पाथखालच्या रोलना हात लावू नका, ते एडब्ल्यूएसच्या सेवांचे असतात. काढायचा ठरला तर थेट डिलीट नको, आधी ट्रस्ट पॉलिसीतून ती ओळ काढा आणि काय बंद पडतंय बघा. आधीच आत शिरलेल्यांची चालू सेशन त्यानं तुटत नाहीत, ती सेटिंगप्रमाणे १२ तासांपर्यंत चालू शकतात, म्हणून कन्सोलमधून रिव्होक सेशन्सही करा. यादी काढायला सिक्युरिटी ऑडिट ही तयार पॉलिसी पुरते, ॲडमिन मागू नका. आणि मालकांचे कोणी पाहुणे व्हेंडर असतील तर रोल काढण्याआधी मालकांकडून मेलवर लिहून घ्या.