घाई, कोरडेपणा आणि दुखणं

प्रिय मित्रा,

तू आणि तुझा जोडीदार दोघेही सज्ञान आहात आणि गुदमैथुनाची दोघांचीही मनापासून इच्छा आहे, हे धरून लिहितो.

गुदमैथुनात इजा होते ती बहुतेकदा कोरडेपणाने आणि घाईने. तिथे ओलावा आपोआप सुटत नाही आणि गुदाशयाचं आतलं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं. घासलं की डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. एचआयव्हीला आत शिरायला तेवढं पुरतं. म्हणून वंगण सढळ हाताने घ्यायचं आणि सुकतंय असं वाटताच पुन्हा लावायचं. पाण्याचा आधार असलेलं किंवा सिलिकॉनचं चालतं. तेल किंवा पेट्रोलियम जेली लेटेक्सच्या कंडोमला लावलीस तर तो काही मिनिटांतच कमकुवत होतो. थुंकी लगेच सुकते, तिच्या भरवशावर राहू नकोस.

गुदद्वाराला स्नायूंची दोन कडी असतात. बाहेरचं मर्जीने सैल सोडता येतं. आतलं आपलं ऐकत नाही. हलक्या, स्थिर दाबाखाली ते सावकाश सैल पडतं. आधी नखं कापलेलं, वंगण लावलेलं एक बोट ठेवायचं, काही वेळ हलवायचंच नाही. वेग आणि खोली किती, ते घेणाऱ्याने ठरवायचं. दुखलं की थांबायचं. बधिर करणारी मलमं मला अजिबात पटत नाहीत: चीर पडत असल्याचं सांगणारी एकमेव खूणच ती पुसून टाकतात. दारूही तेच करते.

कंडोम दर वेळी नवा, एका वेळी एकच. दोन चढवले तर घासून फाटायची भीती. गुदद्वारातून योनीत किंवा तोंडात जायचं असेल तर बदललाच पाहिजे. खेळणं वापरणार असाल तर बुडाशी रुंद असलेलंच घ्या, नाहीतर ते आत सरकून अडकतं आणि काढायला दवाखाना गाठावा लागतो.

एनिमा, म्हणजे आधी पाण्याने गुदाशय आतून धुणं, गरजेचा नाही. घ्यायचाच तर थोडं साधं कोमट पाणी, एक-दोन तास आधी. साबण नको, रोजची सवय तर नकोच. त्याने अस्तर सोलवटतं.

कंडोम फाटला तर एचआयव्ही रोखणारी पेप औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितक्या लवकर तितकं बरं. ती २८ दिवस चालतात. वारंवार धोका असेल तर आधीपासून घ्यायच्या प्रेप औषधांबद्दल डॉक्टरांना विचार. हिपॅटायटिस ए, बी आणि एचपीव्ही (संभोगातून पसरणारा, गुदद्वाराचा कर्करोग करू शकणारा विषाणू) यांच्या लशींचंही तेव्हाच बोलून घे. तपासणीत गुदाशयातला स्वॅब, म्हणजे काडीने घेतलेला नमुना, मागून घे. तिथला गनोरिया किंवा क्लॅमिडिया (संभोगातून पसरणारे संसर्ग) लघवीत सापडत नाही आणि बहुतेकदा त्रासही देत नाही.

पुसताना रक्ताचा एखादा ठिपका दिसला तर चीर भरेपर्यंत काही दिवस विश्रांती. रक्त थांबत नसेल, पोटात जोरात दुखत असेल किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि काय झालं ते स्पष्ट सांग.

तुझा,
दादा