भंगारातला एसएमपीएस आणि लिपो बॅटरी

भावा, लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी चार्ज करायला कुपवाड एमआयडीसीच्या भंगारातून २४ व्होल्ट, १० अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचं डीसी करून देणारा पॉवर सप्लाय, उचललास, सौदा वाईट नाही. पण तो चार्जर नव्हे, हे आधी डोक्यात घे. तो फक्त व्होल्टेज धरून ठेवतो. बॅटरीत करंट किती जायचा आणि कधी थांबायचं, ते त्याला कळत नाही. लिपो पॅक थेट त्याच्या टर्मिनलला लावणं म्हणजे घरात आगीला आमंत्रण. मध्ये बॅलन्स चार्जर हवाच. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर जाऊ न देण्याचं काम त्याचं.

आता त्या चार्जरचं लेबल वाच. बरेच स्वस्त चार्जर इनपुटला ११ ते १८ व्होल्टच घेतात. २४ दिलेस की गेला कामातून. एसएमपीएसवर 'व्ही एडीजे'चा बारीक स्क्रू असतो, पण त्याने व्होल्टेज थोडंफार हलतं, १८ पर्यंत काही उतरत नाही. मग सरळ १२ व्होल्टचा सप्लाय बघ.

२४ गुणिले १० म्हणजे २४० वॅट हे कागदावर. जुना माल आहे, १८० च्या वर ताणू नकोस.

प्लग लावण्याआधी बाजूचा ११५/२३० चा खटका बघ. तो ११५ वर राहिला तर आपल्या लाइनवर फटाकाच वाजतो! अर्थची वायर जोडच, नाहीतर पत्र्याला हात लागला की झिणझिण्या. खोलायचा असेल तर प्लग काढून बराच वेळ जाऊ दे आणि मीटरने तपास. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट साठलेले असू शकतात. आणि कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसलं तर एसएमपीएस परत भंगारवाल्याकडेच दे, वजनावर घेतो तो.