शंभर डब्यांचा संकल्प

प्रश्न : ताई, गेल्या वर्षी म्युनिकला दिरांकडे गेले होते. तिथे त्यांनी मला जिओकॅशिंगची गोडी लावली. मोबाइलच्या जीपीएसवर बघत कुणीतरी लपवलेली डबी शोधायची, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि डबी होती तिथेच ठेवायची. दीर एका रविवारी दहा-बारा डब्या सहज शोधतात. नागपूरला परतल्यावर जानेवारीत मी संकल्प सोडला : वर्षभरात शंभर डब्या आणि शंभर जातींचे पक्षी. जवळच्या मोजक्या डब्या झाल्या आणि गाडी अडली. एकेका डबीसाठी लांब जायचं, तर कधी ती जागेवर नसायचीच. एप्रिल-मेमध्ये बाहेर पडवेना. आता नकाशा उघडला तरी मन खट्टू होतं. आमचे हे म्हणतात, "छंदाला कसलं टार्गेट? बँकेत कमी आहेत का?" ध्येय ठेवूच नये का? सोबत दहा वर्षांचा मुलगाही असतो.
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ध्येय जरूर ठेवा. तुमच्या यजमानांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. बँकेतलं टार्गेट वरून येतं म्हणून जाचतं. तुमचा शंभराचा आकडाही तसाच बाहेरून आलाय, म्युनिकहून. जर्मनी हा जगात सर्वांत जास्त डब्या असलेल्या देशांपैकी एक आहे. तिथे दिरांना कोपऱ्याकोपऱ्यावर डबी मिळते. तोच आकडा नागपुरात आणला तर वर्ष पेट्रोल जाळण्यातच जाणार.

हा खेळ सुरू झाला तेव्हा मोजायला काही नव्हतंच. मे २०००च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवणारी यंत्रं एकदम नेमकी झाली. लगेच, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर यांनी तिथल्या ऑरेगन राज्यातल्या एका रानात बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. यंत्र माणसाला त्या जागी पोचवतं का, हे त्यांना पाहायचं होतं. बादलीत काही चीजवस्तू होत्या आणि एक वही-पेन्सिल. मला या छंदात आवडतं ते हेच : एरवी ज्या जागी आपण कधी गेलो नसतो, तिथे जाऊन उभं राहणं.

म्हणून ध्येय सापडण्यावर न बांधता जाण्यावर बांधा. महिन्यातून दोन रविवारच्या पहाटा, असं ठरवा. गेलात की झालं, डबी मिळो न मिळो. मिळाली नाही तर खेळाच्या ॲपवर तशी नोंद नक्की करा. ती वाचूनच डबी ठेवणाऱ्याला कळतं की जाऊन बघायला हवं. सलग रोज एक डबी शोधण्याची साखळी काही जण करतात, तिच्या नादी लागू नका. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. नवतपात लेकराला घेऊन डबी शोधत फिरणं मला मान्य नाही. आपलं वर्ष थंडी, ऊन आणि पाऊस असं तीन तुकड्यांत पडतं, ध्येयंही तशीच पाडा. मे महिना नकाशे बघण्याचा आणि पुढचं ठरवण्याचा. त्याची रुखरुख नको.

पक्ष्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचा खरा आनंद तिथे आहे असं पत्रावरून वाटतं. नागपुरात शंभर जाती दिसणं अशक्य नाही. पण आकड्यामागे धावलं की पक्षी दिसला, नाव लिहिलं, पुढे, असं होतं. त्यापेक्षा एकच तलाव धरा. प्रतापनगराहून अंबाझरी जवळ आहे. एकच जागा, एकच वेळ, दर महिन्याला. वारकरी हा पाणपक्षी काळाभोर असतो आणि त्याच्या कपाळावर पांढरा टिळा असतो, हे पुस्तकात सगळेच वाचतात. तो उडताना आधी पाण्यावरून पाय आपटत लांबवर धावतो, हे काठावर बसल्याशिवाय कळत नाही. थंडीत एकदा शहराबाहेरच्या मोठ्या जलाशयांवरही जा. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून आपल्या भागात उतरतात. वर्षअखेरीस वीस पक्षी आवाजावरून ओळखता आले, तर ते वर्ष मी भरगच्च म्हणेन.

मुलासाठी वेगळं ध्येय हवं, तुमच्यामागे ओढत नेलेलं नको. त्याला नाग नदी द्या. २३ सप्टेंबर २०२३ला अंबाझरी ओसंडला आणि वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, ते त्याने पाहिलं किंवा ऐकलं असेलच. ते पाणी जातं कुठे? अंबाझरीच्या सांडव्यापासून पारडीकडे, पुलापुलाने, टप्प्याटप्प्याने चाला. प्रत्येक पुलाचे अक्षांश-रेखांश त्यालाच टिपू द्या. हिवाळ्यात काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला न्या. तिथली शिळावर्तुळं लोहयुगातली आहेत. १८७९मध्ये ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी त्यांविषयी लिहिलं होतं. एका वर्तुळाच्या मधोमध उभं राहून पुढचं शोधायचं, हा खेळ त्याला डबीइतकाच रमवेल. दगड मात्र एकही हलवायचा नाही.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. डबी शोधताना दगडाच्या कपारीत, झाडाच्या ढोलीत हात घालू द्यायचा नाही. आधी टॉर्च, मग काठी, मग हात. आपल्या भागात घोणस आहे, विंचू आहेत, आणि पावसाळ्यात दोन्ही बाहेर येतात. बूट आणि लांब पँट हवीच.

आता तुमच्या शंभर डब्या. त्या जागी एकच ठेवा, पण ती तुम्ही लपवलेली असू द्या. शोधायला डब्या कमी आहेत ही तुमची अडचण नागपुरात येणाऱ्या पुढच्या माणसाचीही आहे. नियम सोपे आहेत : दुसऱ्या डबीपासून किमान १६१ मीटर अंतर, जमीन खणायची नाही, जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची. सीताबर्डी किल्ला लष्कराकडे आहे, त्याच्या आसपास नको. रेल्वे, विमानतळ, वनखात्याची जागा, हेही नको. ओळखीच्या कुणाच्या संत्र्याच्या बागेचं कुंपण चालेल, विचारून. डबी पारदर्शक घ्या आणि वर 'जिओकॅशिंग खेळाची डबी' असं मराठीत ठळक लिहा. बेवारस डबा बघून कुणी घाबरायला नको.

मग तिची देखभाल करा, हे पुढच्या वर्षाचं ध्येय. पावसाळ्यानंतर डबी उघडली की आतला कागद बोटाला चिकटून येतो आणि गुंडाळी उलगडताना कडेने फाटते. दमट कागदावर बॉलपेन उमटत नाही, म्हणून आत पेन्सिलीचा तुकडा ठेवा. कागद छोट्या झिपच्या पिशवीत घाला आणि दसऱ्याच्या सुमारास बदला. जुना कागद टाकू नका, त्यावर आलेल्या माणसांची नावं असतात.