नर्सिंगला प्रवेश घेताय? विद्यापीठाच्या नावाआधी वॉर्ड बघून या

बी.एस्सी. नर्सिंगच्या सीईटीचा निकाल लागला की माझ्याकडे येणारे बहुतेक पालक एकच प्रश्न घेऊन येतात. "मॅडम, कोणत्या विद्यापीठाची डिग्री चालेल?" त्यांची भीती खरी असते. चार वर्षं गेली, घरातली शिल्लक गेली आणि नोकरीच्या वेळी कुणी तो कागद बाजूला सारला तर? सोलापुरात बारावीनंतर आरोग्यशाखांकडे वळणाऱ्या मुलामुलींना मी मार्गदर्शन करते. ही भीती इतक्यांदा ऐकली आहे की एका घराची गोष्ट सविस्तर सांगावी असं वाटलं. त्या घराची परवानगी घेतली आहे, नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

वैष्णवी अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावातली. वडील कोरडवाहू शेती करतात आणि भाड्याने टेम्पो चालवतात. आई अंगणवाडीत मदतनीस. मुलगी हुशार, गणित चांगलं. नीट दिली होती, पण एमबीबीएसला लागतील एवढे गुण पडले नाहीत. नर्सिंगच्या सीईटीत मात्र बरे गुण होते.

वडिलांनी पिशवीतून तीन कागद काढून टेबलावर मांडले. पहिलं पुण्यातल्या एका खासगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक, पुण्याच्या मामांनी पाठवलेलं. दुसरी कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीत मिळू शकणाऱ्या कॉलेजांची यादी, सगळी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न. त्यातल्या सोलापूरजवळच्या एका कॉलेजवर आईने पेनाने गोल केला होता. तिसरा कागद म्हणजे वहीच्या पानावर लिहिलेला एक फोन नंबर. बंगळुरूच्या कॉलेजात 'सगळं मिळून एवढ्यात' प्रवेश करून देतो म्हणणाऱ्या एजंटाचा.

"मला इंग्रजी वाचता येत नाही," वडील म्हणाले, "पण या पुण्याच्या कागदावर ए प्लस प्लस आहे. म्हणजे सगळ्यात वरचं ना?"

"दादा, ते नॅकचं, म्हणजे विद्यापीठं-कॉलेजं तपासणाऱ्या संस्थेचं, मानांकन आहे आणि ते चांगलंच आहे. पण ते सगळ्या विद्यापीठाला मिळालेलं. त्यांच्या नर्सिंगच्या पोरी रोज कुठल्या पेशंटजवळ उभ्या राहतात, ते त्यावरून कळत नाही."

राष्ट्रीय क्रमवारीचंही असंच. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत मेडिकल, डेंटल, फार्मसीच्या वेगळ्या याद्या निघतात, नर्सिंगची निघत नाही. कॉलेजच्या फलकावर क्रमांक दिसला तर तो कशाचा आहे, हे विचारायला संकोच करू नका.

आधी मान्यतेचा विषय संपवला, कारण तो खरं म्हणजे थोडक्यात संपतो. नर्सला कामाचा हक्क मिळतो तो राज्याच्या परिचर्या (नर्सिंग) परिषदेतल्या नोंदणीने. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची आणि राज्य परिषदेची त्या वर्षाची मान्यता हवी, पदवी देणारं विद्यापीठ कायदेशीर हवं. एवढं असलं की अभिमत विद्यापीठाची मुलगी आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मुलगी नोंदणीच्या खिडकीपाशी एकाच रांगेत उभ्या असतात. एम्स रुग्णालयांतल्या नर्सभरतीसाठी होणाऱ्या 'नॉरसेट' परीक्षेतही मान्यताप्राप्त पदवी आणि नोंदणी बघतात, विद्यापीठाच्या नावाला वेगळे गुण नाहीत. भारतीय परिषदेच्या संकेतस्थळावर राज्यवार याद्या असतात. वैष्णवीने माझ्यासमोर मोबाइलवर यादी उघडली आणि कॉलेजांची नावं एकेक करून स्वतः शोधली. हे काम मी मुद्दाम मुलांनाच करायला लावते.

एजंटाच्या कॉलेजचं नेमकं नाव मात्र तिला शोधता येईना, कारण ते त्याने सांगितलंच नव्हतं. आधी पंचवीस हजार पाठवा, मग सांगतो, असं त्याचं म्हणणं. बंगळुरूत उत्तम नर्सिंग कॉलेजं आहेत आणि आपल्या सीमाभागातली कितीतरी मुलं तिथे शिकून चांगल्या नोकऱ्यांत आहेत. पण कॉलेजचं नाव कळण्याआधी पैसे मागणाऱ्या माणसाच्या हाती मुलीची चार वर्षं देऊ नयेत, हे मी वडिलांना स्पष्ट सांगितलं. तिकडे शिकलं तर नोंदणी आधी कर्नाटकात होते, मग महाराष्ट्रात करून घ्यावी लागते, हेही सांगितलं. तो कागद वडिलांनी तिथेच घडी करून खिशात टाकला.

मग पैशांचं बोललो. इथे बऱ्याच घरांना एक गोष्ट माहीतच नसते. 2024-25 पासून महाराष्ट्रात ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन शंभर टक्के भरतं. वैष्णवी ओबीसी. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातला किंवा संस्थेच्या पातळीवरचा नको. आणि खासगी अभिमत विद्यापीठं, स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेत बसत नाहीत.

पुण्याची फी वर्षाला दीड लाख, वसतिगृह आणि मेस धरून आणखी ऐंशी हजार. चार वर्षांचे नऊ लाखांच्या वर जातात. मामा म्हणत होते, कर्ज काढू. शैक्षणिक कर्ज मिळतंही, आणि ते काढणं वाईट नाही. पण नऊ लाखांचा दहा वर्षांचा हप्ता दहा टक्क्यांनी महिन्याला बारा हजारांच्या आसपास बसतो. माझ्याकडून गेलेल्या मुलींना खासगी रुग्णालयात पहिला पगार पंधरा ते वीस हजार मिळालेला मी पाहिला आहे. हे दोन आकडे मी कागदावर शेजारी शेजारी लिहिले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आई म्हणाली, "मग हे जवळचंच बरं की. फी माफ, पोरगी घरी."

बहुतेक घरं इथेच थांबतात आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच जागी वाटते. फी कळली, मान्यता कळली, निर्णय झाला. पण नर्सिंग वर्गात बसून येत नाही. इंजेक्शन देणं, ड्रेसिंग करणं, अडलेल्या बाईजवळ रात्रभर थांबणं, पेशंट बिघडतोय हे डॉक्टर येण्याआधी ओळखणं, हे सगळं खाटेपाशी उभं राहून अंगात मुरतं. म्हणून तर परिषदेने कॉलेजचं स्वतःचं किमान 100 खाटांचं रुग्णालय असावं, एका विद्यार्थिनीमागे तीन पेशंट असावेत आणि खाटा सरासरी 75 टक्के भरलेल्या असाव्यात, असे नियम घातलेत. कागदावर हे सगळीकडे असतं. प्रत्यक्षात आहे का, ते वॉर्डात गेल्याशिवाय कळत नाही.

मी त्यांना म्हटलं, यादीतली तुम्हाला जमतील ती कॉलेजं बघून या, पण कॉलेजच्या ऑफिसात शेवटी जा. आधी रुग्णालयात जा. कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास. केसपेपरच्या खिडकीपाशी रांग आहे का बघा. बाहेर बसलेल्या नातेवाइकांशी बोला. आणि युनिफॉर्ममधली एखादी तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलगी भेटली तर तिला फक्त एवढं विचारा, की या आठवड्यात तू काय काय केलंस?

बापलेक जवळच्या कॉलेजात जाऊन आले ते गप्प होऊन. इमारत नवी, फलकावर 100 खाटा. दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात गाद्यांवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. एका टेबलाभोवती तीन मुली बसून जुन्या वहीतली केस स्टडी आपापल्या वहीत उतरवून घेत होत्या. त्यातली एक वैष्णवीला म्हणाली, "आमची पोस्टिंग सिव्हिलला असते ना, पण तिथं दुसऱ्या कॉलेजच्या पण पोरी असतात. एका खाटेभोवती आम्ही दहाजणी. मी अजून एकदाही सलाइन लावलं नाही." ती मुलगी तिसऱ्या वर्षाला होती.

यादीत मिरज-सांगलीकडचं एक कॉलेज होतं. विद्यापीठ तेच नाशिकचं, परीक्षा त्याच, फीची सवलत तीच. आईने त्यावर काट मारली होती, कारण लांब. मिरजेला मिशन रुग्णालयाच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, दवाखान्यांची परंपरा आहे आणि आजही कर्नाटकातून तिथे पेशंट येतात. मी म्हटलं, काट राहू दे, पण एकदा बघून या.

तिथे काय बघितलं ते वैष्णवीने मला नंतर फोनवर सांगितलं, आणि तिचा आवाजच वेगळा होता. फीमेल मेडिकल वॉर्ड भरलेला. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी सलाइनपाशी उभी, शेजारी सिस्टर. सिस्टरने विचारलं, पाचशेची बाटली चार तासांत जायची आहे, मिनिटाला थेंब किती? मुलगी गडबडली. सिस्टर रागावल्या नाहीत. सलाइनच्या सेटच्या पाकिटावर एक मिलिलिटरला वीस थेंब छापलेलं दाखवलं आणि म्हणाल्या, आता मांड. वैष्णवीने लांबूनच मनात मांडून टाकलं: पाचशे गुणिले वीस, भागिले दोनशे चाळीस मिनिटं, साधारण बेचाळीस. त्या मुलीचंही तेवढंच आलं. मग तिने मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, चाक फिरवत थेंब जुळवले आणि सिस्टरनी ते पुन्हा मोजून घेतले.

"मॅडम, मला तिथं शिकायचंय," वैष्णवी म्हणाली.

आईचं मन मात्र तयार नव्हतं, आणि ते मला अगदी समजत होतं. अठरा वर्षांच्या पोरीला एवढ्या लांब पाठवायचं, त्यात रात्रपाळ्या. लोक अशा वेळी आईला समजावायला लागतात की जग कुठे चाललंय. मी तसं करत नाही. मी त्यांना म्हटलं, "ताई, तुमची काळजी बरोबर आहे, फक्त ती प्रश्न म्हणून कॉलेजला विचारा. वसतिगृह रुग्णालयाच्या आवारात आहे की बाहेर? नाइटला पोरी येतात-जातात कशा? वॉर्डन रात्री तिथेच राहतात का? पोरगी आजारी पडली तर कुणाचा फोन येतो?" आई स्वतः मिरजेला गेली. कुर्डूवाडी-पंढरपूरमार्गे जाणारी गाडी आहे हे कळल्यावर अंतर तिच्या मनात थोडं कमी झालं. वॉर्डनबाई कुठल्या गावच्या हे विचारून ती आली होती, आणि मला वाटतं खरा निकाल तिथेच लागला.

मधल्या काळात वैष्णवीशी मी एकटीशी बोलले. पालकांसमोर मुली काही गोष्टी बोलत नाहीत. ती म्हणाली, "डॉक्टर नाही झाले म्हणून नर्सिंग, असं सगळे म्हणतात. आणि मला सुई बघून चक्कर येते का, तेच मला माहीत नाही." एमबीबीएस हुकल्याचं दुःख मी खोडून काढलं नाही, ते असतं आणि काही महिने राहतं. पण दुसऱ्या शंकेचं उत्तर गावातच होतं. आईच्या ओळखीने ती लसीकरणाच्या दिवशी सकाळभर एएनएम सिस्टरजवळ (गावात लसीकरण करणाऱ्या परिचारिकेजवळ) बसली. बाळांची वजनं लिहून घेतली, रडणाऱ्या पोरांना धरलं. चक्कर आली नाही. आशाताई किती घरांना हाका मारून आयांना घेऊन येतात, हे तिने पहिल्यांदा इतक्या जवळून बघितलं आणि तेच तिला जास्त लक्षात राहिलं.

मामांची समजूत काढणं अवघड गेलं. त्यांचंही चुकत नव्हतं. पुण्याचं ते रुग्णालय भरलेलं असतं, शिकवतातही चांगलं. ते पैसे त्या घराला झेपण्यासारखे असते तर मी ते नाव खोडलं नसतं, हे मी त्यांना सांगितलंही. अभिमत म्हटलं की बाजार आणि सरकारी संलग्न म्हटलं की भलं, असं सरसकट बोलणं मला पटत नाही. ओस पडलेलं रुग्णालय दोन्हीकडे सापडतं.

पसंतीक्रमात मिरजेकडचं कॉलेज पहिलं टाकलं, त्याखाली लातूरकडचं एक, तेही जाऊन बघितलेलं. जवळचं कॉलेज यादीत ठेवायचं की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. मी म्हटलं, जिथे जायचंच नाही ते नाव क्रमात टाकू नका, कारण तेच लागलं तर मन मारून जाल. त्यांनी ते काढलं. दुसऱ्या फेरीत मिरजेकडचं लागलं.

आता ती पहिल्या वर्षाला आहे. फीची सवलत मिळाली तरी वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तकं हा खर्च घरचाच आहे, तो त्यांनी आधीच मोजून ठेवला होता. ज्यांच्या मुली यंदा प्रवेश घेत आहेत त्यांनी उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र आताच काढून ठेवावं. तहसीलला निकालानंतर गर्दी होते. शिवाय फीच्या सवलतीसाठी महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवरचा अर्ज एकदा भरून भागत नाही, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. कॉलेजकडून निरोप येईल म्हणून थांबू नका, मुलीलाच पोर्टलवर तारीख बघायची सवय लावा.