फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेंटला खेड्यातल्या पोस्टिंगमध्ये खरंच काही शिकायला मिळतं का?

तुम्ही विचारलंय की डीएनबी (एमडीसारखी पीजी पदवी) फॅमिली मेडिसिनची, म्हणजे घरातल्या लहान-मोठ्या सगळ्यांना बघणाऱ्या डॉक्टरच्या ब्रँचची, सीट मिळतेय, पण त्यात काही महिने नाशिकच्या ग्रामीण भागात काढावे लागणार, तर तिथे काही शिकायला मिळतं का नुसता वेळ जातो, आणि त्यापेक्षा अजून एक वर्ष थांबून पुन्हा नीट-पीजी परीक्षा देऊन रेडिओलॉजी बघावी का. त्यावर एकाने लिहिलंय, "गावात काय, सर्दी-खोकला आणि सलाइन." हे वाचलं आणि लिहायला बसले, नाहीतर संध्याकाळची ओपीडी संपल्यावर माझ्यात टाइप करायचं त्राण नसतं.

हेच वाक्य माझा आतेभाऊ मला गेली आठ वर्षं ऐकवतोय. तो ऑर्थो, हाडांचा डॉक्टर. मी सीट घेतली तेव्हा गणपतीत सगळ्यांसमोर म्हणाला, "फॅमिली मेडिसिन म्हणजे काय गं, कुटुंब नियोजन का?" सगळे हसले. आईसुद्धा हसली. असो.

मी सेकंड इयरला होते, दिंडोरीच्या बाजूला एका ग्रामीण रुग्णालयात. ऑक्टोबर महिना. रात्री साडेनऊला पिकअप येऊन थांबली आणि चार जणांनी एका तिशीतल्या माणसाला उचलून आत आणलं. तोंड, मान, छाती लालबुंद, डोळे तांबारलेले, "जीव घाबरा होतोय" एवढंच म्हणत होता. पल्स १३०, बीपी ८०/५०. अंगावर पित्त नाही, खाज नाही, छातीत शिट्टी नाही, पण मला ॲलर्जीशिवाय दुसरं काही सुचेना. एव्हिल, हायड्रोकॉर्ट ही ॲलर्जीची इंजेक्शनं सांगून मोकळी झाले आणि ॲड्रेनलिन भरायला लावलं. मुकादमाला विचारलं काही खाल्लं का, काही चावलं का, तर तो म्हणे काही नाही मॅडम, दिवसभर कामावर होता, घरी येऊन जेवला आणि असं झालं.

ड्युटीवरच्या सिस्टर सुरगाण्याकडच्या, पंचवीसेक वर्षं नोकरी झालेली. त्या म्हणाल्या, "थांबा मॅडम जरा," आणि त्याचा हात उजेडात धरला. नखांच्या कडेला आणि पेरांच्या भेगांत लाल रंग बसला होता. मी तो हात आधीच पाहिला होता हो, त्याच हाताला सुई लावली होती! पण रंग दिसला नाही, शीर दिसली.

"पेस्टिंगला होतास ना? आणि सुटल्यावर किती घेतली?" तो मुकादमाकडे बघायला लागला. मुकादम लगेच, तो पीत नाही सिस्टर. सिस्टरनी मुकादमाला व्हरांड्यात काढलं, दार लोटलं. मग म्हणाला, "एकच क्वार्टर, बाई."

नाशिककरांना सांगायला नको, पण तुम्ही बाहेरचे असाल म्हणून सांगते, द्राक्षबागेत ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून त्यावर स्पंजने हायड्रोजन सायनामाइड नावाचं रसायन लावतात, यालाच पेस्टिंग म्हणतात, कुठे लावलं ते कळावं म्हणून त्या बागेत त्यात रंग मिसळला होता. ते शरीरात गेलं की अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज हे दारू पचवायला लागणारं एन्झाइम अडतं, म्हणजे दारू सोडवायला डायसल्फिराम देतो ना अगदी तसंच, वर दारू पडली की तिच्यापासून होणारं ॲसिटाल्डिहाइड अंगात साचतं आणि माणूस लाल होतो, धडधडतं, बीपी पडतं. आणि त्याच दिवशी प्यायला पाहिजे असंही नाही, दुसऱ्या दिवशी घेतली तरी होऊ शकतं. डायसल्फिराम मला पाठ होतं, वायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, त्यावर मार्कही मिळवलेत. माणूस समोर आला तेव्हा ओळखता आलं नाही.

पाय वर केले, सलाइन, ऑक्सिजन, ईसीजी, कपडे काढून साबणाने हात धुतले. पहाटेपर्यंत बीपी ११० वर आलं. पण त्याआधी सिस्टरनी दुसरा प्रश्न विचारला, जो मला अजिबात सुचला नव्हता. "बाकीचे कुठायत?" मजुरांच्या शेडवर अजून नऊ जण होते, त्यातल्या दोघांना तसंच होत होतं आणि ते गोधडी घेऊन पडून होते.

दुसऱ्या दिवशी तिथले एमओ (मेडिकल ऑफिसर) सर मला त्यांच्या मोटरसायकलवर बसवून त्या बागेत घेऊन गेले. ही सगळी माणसं पेठ-सुरगाण्याकडची, सीझनला उतरतात, कोणी गिरणाऱ्याच्या नाक्यावर उभं राहून काम धरतं, कोणी मुकादमामार्फत थेट येतं. शेडच्या खिळ्याला रबरी हातमोज्यांचा जोड लटकत होता, पिशवीतून काढलेलाही नव्हता. मी बागवाल्यावर उखडणार तेवढ्यात एक बाई म्हणाली, मोजे घातले की काडीचा डोळा हाताला लागत नाही, काम मागे पडतं, आणि पैसे एकरावर आहेत. तिच्या पाठीला पोर बांधलेलं, आणि हातात तोच स्पंज. सर तिथेच बांधावर बसले आणि पाऊण तास बोलले, पोराला सावलीला ठेवायला कोण आहे, पाणी कुठून आणता, रात्री पुरुष कुठे पितात, कुणाचं. मी उभी. मला वाटत होतं ओपीडी खोळंबलीय.

आता तुम्हीच सांगा हे कुठल्या वॉर्डात शिकवतात? लॉगबुकात प्रोसिजरचा कॉलम होता, त्यात त्या रात्रीचं मी "आयव्ही फ्लुइड्स" एवढंच लिहू शकले. परत शहरात आल्यावर केस प्रेझेंट केली तर एक सीनियर म्हणाले, "हे टॉक्सिकॉलॉजी झालं, यात फॅमिली मेडिसिन कुठंय?" तेव्हा गप्प बसले, आज बसले नसते. कुठंय म्हणजे? सिस्टरच्या दोन प्रश्नांत आहे, तुम्ही तिघं कन्सल्टंट मिळून त्याची टूडी इको, ट्रोपोनिन या हृदयाच्या तपासण्या आणि ॲलर्जी पॅनेल केली असती आणि डिस्चार्ज कार्डावर व्यवसाय "मजूर" लिहून पुन्हा त्याच शेडवर पाठवला असता.

पावसाळ्यात गेलात तर साप. मण्यार पहाटे जमिनीवर झोपलेल्याला चावतो, खूण दिसत नाही, पोरगं पोट दुखतं म्हणून येतं आणि तासाभरात पापण्या उतरायला लागतात. पोटदुखीला इंजेक्शन देऊन घरी पाठवलं की संपलं. फुरसं किंवा घोणस असेल तर रक्त गोठतंय का बघायला वीस मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट, दोन मिली रक्त काचेच्या कोरड्या ट्यूबमध्ये, हलवायचं नाही. हे वाचून माहीत असणं वेगळं आणि बाहेर वीस माणसं दारावर धक्के मारत असताना ती वीस मिनिटं बसून राहणं वेगळं. बाळंतपणं, टीबीचे अर्धवट सोडलेले कोर्स, सिकल सेल, हे सगळं आहेच, ते मिळेल.

रेडिओलॉजीचं तुमचं तुम्ही ठरवा, पण खेडं चुकवायला म्हणून जात असाल तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातली तीन महिन्यांची डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी आता सगळ्याच ब्रँचना आहे. आणि २००२ च्या आरोग्य धोरणात पीजीच्या एक चतुर्थांश सीट पब्लिक हेल्थ आणि फॅमिली मेडिसिनला द्यायच्या दिशेने जायचं लिहिलं होतं. एक चतुर्थांश! आम्ही अजून नातेवाइकांना ब्रँच समजावून सांगतोय.

एक मात्र आधी सांगायला हवं होतं. माझ्या नशिबाने ते एमओ सर आणि त्या सिस्टर होत्या. माझ्याच बॅचच्या एकीला दुसरीकडे टाकलं तिथे वर कोणीच नव्हतं, तिने चार महिने सह्या केल्या आणि सिव्हिलला रेफर लिहिलं, रडून परत आली. याला ट्रेनिंग म्हणत नाहीत, फुकटचा एमओ म्हणतात. त्यामुळे सीट घेण्याआधी सध्याच्या रेसिडेंटला फोन करा आणि विचारा की रात्री दोनला अडलात तर कोण उचलतं, आणि तो येतो का नुसतं फोनवर "पाठवून दे" म्हणतो. मुलगी असाल तर राहायच्या क्वार्टरला आतून कडी आहे का तेही विचारा, लाजू नका. पैशाचं म्हणाल तर ऑर्थोइतके कधीच मिळत नाहीत, हे आतेभावाचं बरोबर आहे. त्याच्या मुलीला ताप आला की रात्री अकराला फोन मात्र मलाच येतो.

गेलात तर टॉर्च, मच्छरदाणी आणि काचेच्या नव्या ट्यूब स्वतःच्या घेऊन जा. तिथे प्लास्टिकच्या असतात, नाहीतर साबणाने धुतलेल्या, आणि त्या दोन्हींत रक्त नीट गोठत नाही.