फॅशन बाइंगमध्ये (दुकानासाठी कपडे निवडून मागवणारा विभाग) इंटर्न म्हणून जाताय? आधी एवढं करा

पहिले दोन महिने 'ट्रेंड' विसरा. तुमचं काम एक्सेल आणि सॅम्पलचे ढिगारे, आणि तेच नीट जमलं पाहिजे.

सेल-थ्रू काढायला शिका: विकलेले भागिले आलेले, गुणिले 100. 200 कुर्ते आले, चार आठवड्यांत 90 गेले, म्हणजे 45%. आता साइजनुसार फोडून बघा. एम आणि एल संपलेत आणि उरलेले 110 नुसते एस आणि डबल एक्सएल असतील, तर डिझाइनला नावं ठेवू नका. साइज रेशो, म्हणजे कुठल्या साइजचे किती मागवायचे ते प्रमाण, चुकलाय. नवखे इथेच फसतात, एकूण आकडा बघून स्टाइल 'फ्लॉप' ठरवतात.

दुसरी नेहमीची चूक मार्कअप आणि मार्जिनची. नफा खरेदी किमतीवर मोजला तर मार्कअप, विक्री किमतीवर मोजला तर मार्जिन. जीएसटी सोडून 400 चा माल 800 ला विकला तर मार्कअप 100%, मार्जिन 50%. मीटिंगमध्ये हे उलटं बोललात तर सगळे वळून बघतात.

सॅम्पल हातात आलं की लगेच टॅग लावा:
- स्टाइल नंबर, रंग
- व्हेंडर, तारीख
- फिट सॅम्पल (मापं तपासायचं) की सील्ड (पक्कं मंजूर झालेलं)

सील्ड सॅम्पल कुणालाही उसनं देऊ नका, शूटवाल्यांना तर नाहीच. प्रॉडक्शनचा माल त्याच्याशीच ताडून बघतात.

व्हेंडरला फोनवर 'चालेल' म्हणू नका. किंमत, तारीख, रंग, सगळं बायरला विचारून मेलवरच.

ओपन-टू-बाय (अजून किती खरेदी करता येईल ते बजेट) वगैरे नंतर. आधी मापाची टेप खिशात ठेवा.