मॅटच्या मागे ठेवलेला ब्रेस

'मी नववीत आहे, सांगलीत राहते. मला स्कोलिओसिस आहे, म्हणजे पाठीचा मणका बाजूला वाकलाय. त्यासाठी जूनपासून ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा कडक पट्टा, लावलाय. मणक्याचा बाक 31 अंश आहे. डॉक्टरांनी रोज 18 तास घालायला सांगितलंय. मी शाळेत गेले की क्रीडा खोलीत तो काढते आणि मॅटच्या मागे ठेवते. खो-खोचा सराव झाला की परत घालते. एकदा वर्गातल्या मुलीनं मागून टकटक वाजवलं आणि सगळे हसले, तेव्हापासून. रात्री पण उकडतं म्हणून आई झोपली की काढते. आई म्हणते कुणाला सांगू नको, उद्या लग्न जमायला त्रास होईल. दिवाळीत पाहुणे येतील तेव्हा काढून ठेव असंही म्हणाली. मामा म्हणतो एकजण मणका बसवून देतो, त्याच्याकडे जाऊ. दिवाळीनंतर मिरजेला एक्स-रे आहे. मला खूप भीती वाटते. ताई, मी काय करू? – वाकडी'

बाळा, ही सही तू का केलीस ते मला कळलं. मी मात्र तुला त्या नावानं हाक मारणार नाही.

आधी आपण तुझे तास अंदाजानं मोजू. समज, शाळेत गेल्यावर पावणेअकराला ब्रेस काढतेस आणि सराव संपल्यावर साडेसहाला घालतेस, म्हणजे पावणेआठ तास गेले. अंघोळ आणि व्यायामाचा एक तास धरू. रात्री बारा ते पाच हे पाच तास. उरतात सव्वादहा. हे मी तुला रागवायला लिहीत नाही. हा आकडा आत्तापर्यंत फक्त तुला माहीत होता आणि त्याचं ओझं तू एकटी वाहत होतीस, म्हणून मांडला.

आता हे तास का मोजायचे ते सांगते. अमेरिका आणि कॅनडातल्या तुझ्याच वयाच्या मुलामुलींचा एक मोठा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या ब्रेसमध्ये उष्णता मोजणारं छोटं यंत्र बसवलं होतं, त्यामुळे ब्रेस अंगावर खरोखर किती तास होता ते कळलं. रोज सरासरी 13 तास किंवा त्याहून जास्त घालणाऱ्या शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांचा बाक 50 अंशांच्या आत राहिला. सहा तासांच्या आत घालणाऱ्यांना मात्र ब्रेस न घालणाऱ्यांपेक्षा काहीच जास्त फायदा झाला नाही. तू या दोन्हींच्या मधे आहेस. ब्रेस बाक सरळ करत नाही, तो वाढू देत नाही. आणि बाक वाढण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो तुझी उंची वाढतेय तोपर्यंत. म्हणून हे जन्मभराचं नाही. मुलींची उंची साधारणपणे पाळी सुरू झाल्यावर दोनेक वर्षांत वाढायची जवळजवळ थांबते. हाडांची वाढ किती उरलीय हे डॉक्टर कमरेच्या हाडाच्या एक्स-रेवरून बघतात. त्यांना थेट विचार, 'माझी वाढ किती राहिलीय?' हे विचारायचा तुला हक्क आहे.

माझी सगळ्यात मोठी काळजी दिवाळीनंतरच्या एक्स-रेची आहे. समज, बाक वाढलेला निघाला आणि तू म्हणालीस, 'हो, 18 तास घालते.' मग डॉक्टरांना वाटणार, पुरेसा वेळ घालूनही ब्रेसचा उपयोग होत नाही. पुढचा निर्णय ते त्यावरून घेणार. बाक 45-50 अंशांवर गेला की शस्त्रक्रियेचा विषय निघतो. म्हणून तपासणीच्या खोलीत गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच बोल : 'मी आत्तापर्यंत दहा तासच घालत होते.' डॉक्टर रागावले तरी चालेल.

आता जरा बरी बातमी. नुसती रात्र सांभाळलीस तरी सव्वापंधरा तास होतात. 18 ला पावणेतीन तास कमी पडतात. शाळेत पावणेअकरापासून दीडच्या मधल्या सुट्टीपर्यंत ब्रेस ठेवलास तर तेही भरून निघतात. अख्खा दिवस नको, अर्धीच शाळा. खो-खोला तर तो काढायचाच असतो, बहुतेक डॉक्टर खेळायला आनंदानं परवानगी देतात. ही वाटणी डॉक्टरांना दाखव आणि त्यांनी मान्य केली की वहीत रोजचे तास लिहायला लाग.

रात्री उकडतं हे मला पटतं. आपल्याकडचा ऑक्टोबर काय असतो ते मला माहीत आहे. आत शिवण नसलेला, लांब, सुती बनियन घाल. एकही चुणी राहू देऊ नकोस. दप्तरात दुसरा ठेव आणि घामानं भिजला की बदल. ब्रेसखालच्या कातडीला तेल किंवा क्रीम लावू नकोस, त्यानं ती मऊ पडून सोलवटते. काढल्यावर लाली अर्ध्या तासात गेली तर ठीक. नाही गेली किंवा सोललं, तर ज्यांनी ब्रेस बनवला त्यांच्याकडे जा, ते तो कमी-जास्त करून देतात. पोटावर दाब येतो, म्हणून एकदम भरपेट न जेवता थोडं थोडं खा.

शाळेत निदान वर्गशिक्षिकेला सांग. हे मी आग्रहानं लिहितेय, कारण मी स्वतः पंचवीस वर्षं शिकवलंय. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिचा एक खांदा वर असायचा. मी तिला वर्षभर 'ताठ बस' म्हणत राहिले. तिला ताठ बसताच येत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. ते मला अजून टोचतं. तुझ्या बाईंना माहीत असलं तर त्या मधल्या सुट्टीत खोली उघडून देतील, वाजवणारीला समजावतील. ती मुलगी परत आली तर एवढंच म्हण, 'मणक्यासाठी आहे, डॉक्टरांनी दिलाय.' लपवलेल्या गोष्टीवर सगळे टकटक करतात. एकदा सांगून टाकलेल्या गोष्टीचं चार दिवसांत कुणाला काही वाटेनासं होतं.

मामांकडून माया घे, पण त्या माणसाकडे जाऊ नकोस. तुझा मणका सरकलेला नाही, त्यामुळे बसवण्यासारखं तिथे काही नाही. तो वाढता वाढता वळलाय आणि पिळलाय. झटका देऊन ते सुटत नाही, इजा मात्र होऊ शकते.

पुढचं तुझ्या आईसाठी. तिला वाचायला दे.

वहिनी, हे तुमच्यामुळे झालेलं नाही. दप्तराच्या ओझ्यानं नाही, वाकून बसण्यानं नाही, दूध कमी पडल्यानंही नाही. या वयात होणाऱ्या स्कोलिओसिसचं नेमकं कारण बहुतेक वेळा सापडतच नाही. काही घराण्यांत तो जास्त दिसतो, एवढंच. बाळंतपणाला यानं सहसा अडचण येत नाही. तुम्ही लेकीच्या लग्नाच्या काळजीनं ब्रेस झाकायला सांगताय, पण त्यामुळे तास कमी होतात आणि तुम्हाला जो बाक दिसायला नको आहे तोच वाढायची भीती वाढते. दहा वर्षांनी येणाऱ्या पाहुण्यांसाठी आजची पाठ पणाला लावू नका. आणि रात्री तिच्या खोलीत पंखा जरा जवळ ठेवा.

दिवाळीचा ड्रेस शिवायला टाकायचा असेलच. बाजारात कापड घ्यायला जाल तेव्हा टेलरकडेही दोघी मिळून जा आणि माप ब्रेस घालूनच द्या.